फळ्यावरचं नाव

शिवाजी पेठेत आक्काची खानावळ होती तेव्हा तिला नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती. गल्लीच्या तोंडाशीच रश्श्याचा वास नाकात शिरायचा आणि पाय आपोआप वळायचे. आता तिथं ‘मौन’ आहे. आक्काचा लेक उदयसिंह दुबईच्या हॉटेलात काही वर्षं काढून परतला तो जेवायला येणाऱ्यांना शिस्त लावायचं खूळ डोक्यात घेऊनच. त्यानं बाकडी मोडीत घातली, भिंतींना राखेसारखा रंग दिला आणि दारात नियमांची पाटी ठोकली.

फोन दारातच कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगायचा. फोटो काढायचा नाही, ताटाचा नाही आणि बायकोचाही नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. जागा आधी नोंदवायची, आणि नोंदवून जो येणार नाही त्याचं नाव दारातल्या काळ्या फळ्यावर महिनाभर राहणार. कोल्हापुरात म्हणे मोठ्यानं बोलायचं नाही! इथं माणूस कानात गुपित सांगतो तेही समोरच्या माडीवर ऐकू जातं. पण दुबईहून आलेल्याला हे सांगणार कोण?

आक्कानं सांगून बघितलं. सगळी पेठ तिला आक्का म्हणायची म्हणून लेकही आक्काच म्हणायचा. त्यानं तिला डोक्यावर घालायला काळी टोपी आणली होती. तिनं ती पहिल्याच दिवशी गरम पातेली उतरवायला घेतली.

“माणसं मटण खायला आल्यात का दीक्षा घ्यायला?” तिनं विचारलं.

“आक्का, लोक आता जेवायला येत नाहीत. अनुभव घ्यायला येतात.”

“अनुभव तुझा बा गेल्यावर मला आलता. ह्येला जेवण म्हणत्यात.”

पण पुण्या-मुंबईची माणसं मोटारी काढून येत राहिली. फोन मुकाट काढून द्यायची, कुजबुजत तांबडा रस्सा प्यायची आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी हूं की चूं करायची नाहीत. स्वतःचा पाणउतारा करून घ्यायला माणसं इतक्या लांबून येतात, हे बघून आक्काला हसावं की रडावं ते कळेना. पेठेतली गिऱ्हाइकं मात्र एकेक करून तुटली. राहिले एकटे ज्ञानू वस्ताद.

वस्ताद म्हणजे शेजारच्या तालमीचे. आक्काचा नवरा गेला आणि कडेवर पोर घेऊन तिनं चूल मांडली, तेव्हा पहिलं ताट वस्तादांनी जेवलं आणि दुसऱ्या दिवशी तालमीतली सगळी पोरं जेवायला आणून बसवली. छोट्या उदयला खांद्यावर घेऊन फुटबॉलची मॅच दाखवायला न्यायचे तेही वस्तादच. तेव्हापासून दर रविवारी दुपारी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून ते जेवायचे, आणि रस्सा असा भुरकायचे की भटारखान्यात आक्काला ऐकू यायचं. तेवढ्यानं तिचा रविवार साजरा व्हायचा.

“वस्ताद, नियम सगळ्यांना सारखा. नाव नोंदवावं लागेल,” उदयसिंहानं त्यांनाही ऐकवलं. आक्काकडं बघून वस्तादांनी ते गिळलं आणि नाव नोंदवलं.

नेमक्या त्याच रविवारी त्यांना घेरी आली. मटणाच्या दुकानातल्या मीरासाबनं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि तो तिथंच थांबला; गडबडीत त्याचा फोन दुकानातच राहिला. खाटेवर पडल्या पडल्या वस्तादांनी ‘मौन’ला फोन लावला, की पोरा, आज येणं होत नाही. फोन वाजला, वाजला आणि थांबला. हॉटेलचा फोनही पिशवीत खुंटीला टांगलेला असायचा. मालक आपल्या नियमाला भलताच पक्का. वस्ताद लावत राहिले आणि त्यांच्याच फोनची बॅटरी संपली. सोमवारी सकाळी फळ्यावर खडूनं नाव उमटलं : ज्ञानू वस्ताद. रविवार, दुपारी एक.

आता पेठेत काळ्या फळ्यावर नाव कधी येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी गेलं, की चौकात तालमीच्या फळ्यावर नाव, वार आणि रक्षाविसर्जनाची वेळ लिहितात. उदयसिंह ह्याच चौकात लहानाचा मोठा झाला, पण दुबईत सगळं धुऊन आला होता. दूध आणायला निघालेल्या माणसानं दारातला फळा वाचला, चप्पल काढली आणि हात जोडले. दुपारपर्यंत तालीम बंद झाली, पोरांनी मैदानावरचा सराव थांबवला आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स चौकात चढलासुद्धा. पेठेत माणसाला जायला उशीर होईल, फ्लेक्सला होत नाही.

वस्तादांची लेक क्रांती चंदगडला दिलेली. तिला कुणीतरी कळवलं. ती नेसत्या लुगड्यानिशी एसटीत बसली आणि कोल्हापूर येईपर्यंत रडत राहिली. बापाचा फोन बंद. ‘मौन’चा फोन वाजतोय, उचलत कुणी नाही. चौकात उतरली तेव्हा बापाच्या फोटोला हार घातलेला होता, आणि त्याच फोटोखाली रिक्षा थांबून मीरासाबचा हात धरून बाप खाली उतरत होता. ती जागीच कोसळली.

पेठ हसली. वस्ताद, आयुष्य वाढलं, म्हणाली. वस्तादांनी मात्र लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि ते हसले नाहीत.

“उदय सवताच्या तोंडानं ‘जेवाय चला’ म्हणंस्तवर त्या घरातलं पाणीसुदीक प्यायचो न्हाय,” ते म्हणाले.

 ज्याच्या पहिल्या ताटावर हे घर उभं राहिलं, तो माणूस दारावरून मान फिरवून जायला लागला. उदयसिंह म्हणे, “फळ्याचा उद्देश वेगळा होता, लोकांचा गैरसमज झाला.” नाव त्यानं पुसलं, पण माफीचा शब्द ह्याच्या जिभेवर येईना. आक्कानं त्याच्याशी बोलणं टाकलं. घरातही मौन लागू झालं तेव्हा कुठं तो वरमला.

“रविवारी सकाळी नऊला जातो त्यांच्याकडं. शब्द देतो,” तो म्हणाला.

आक्कानं क्रांतीला निरोप धाडला. रविवारी वस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडं तोंड करून बसले. क्रांतीनं चहा ठेवला, गार झाला, परत तापवला. अकरा वाजले तेव्हा ती आक्काकडं आली.

“त्यो न्हाई आला, आक्का. आण्णा अजून तसंच बसल्यात.”

उदयसिंह विमानतळावर गेला होता. जेवणावर लिहिणारे मुंबईचे कुणी बडे जाणकार येणार होते, त्यांना गाडीतून आणायला. फोन नेहमीप्रमाणे खुंटीला.

क्रांती बापाकडं परतली, तशी आक्कानं पदराला हात पुसले, दारात आली आणि खडू उचलला.  पोटच्या पोराचं नाव तिथं लिहिताना खडू दोनदा मोडला, पण तिनं अक्षर अर्धं सोडलं नाही : उदयसिंह. रविवार, सकाळी नऊ. मग पदर डोक्यावर ओढून ती पायरीवर बसली.

पहिल्यांदा वाचणारे हसले; एकदा फसलेली पेठ दुसऱ्यांदा कशी फसेल? मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा फळा न आलेल्या गिऱ्हाइकांचा आहे, त्यावर मालकाचं नाव कसं येईल? आणि अक्षर तर आक्काचं. मीरासाबनं उदयसिंहाला फोन लावला. आत खुंटीवरची पिशवी वाजत राहिली.

“आक्का, खरं हाय व्हय?” त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

“जे हाय ते लिवलंय.”

मीरासाबनं दुकानाचं शटर ओढलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायका पिठलं-भाकरीच्या टोपल्या घेऊन आल्या. पुरुष आत जाऊन खुर्च्यांवर खाली मान घालून बसले. कुणी बोललं नाही, कुणी फोन काढला नाही. उदयसिंहाचे नियम इतके कडक कधीच कुणी पाळले नव्हते.

आणि वस्ताद आले. जेवायला बोलावल्याशिवाय यायचे नव्हते, पण मयताला बोलावणं लागत नाही. अनवाणी, धापा टाकत, गर्दी सारत ते आले, मागून क्रांती. “माझं पोर कुठाय रं?” म्हणून त्यांनी असा हंबरडा फोडला की खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

तेवढ्यात मोटार थांबली आणि जाणकारांना घेऊन उदयसिंह उतरला.

“ही गर्दी कसली? बुकिंग आहे का ह्यांचं?” त्यानं विचारलं.

वस्तादांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं, डोक्यापासून खांद्यांपर्यंत चाचपलं आणि छातीशी आवळून लहान पोरासारखे रडले. त्यांच्या खांद्यावरून उदयसिंहाची नजर फळ्यावर गेली.

“आक्का, ह्ये तू लिवलंस?” दुबई एका क्षणात गळून पडली. “आई हायस का वैरीण? जित्या पोराचं नाव लिवलंस?”

“जातो म्हनून शब्द दिलास, गेला न्हाईस. नियम सगळ्यास्नी सारखा.” आक्काचा आवाज फाटला. “क्रांतीबी कुणाची तरी लेकच हाय की रं. चंदगडास्नं हितंवर तिच्या जिवाचं काय झालं आसंल, ते मला खडू हातात घेतल्यावर कळलं. तुला कशानं कळायचं?”

 उदयसिंह वस्तादांच्या पायाशी वाकला, मग क्रांतीपुढं उभा राहिला आणि हात जोडले. “वस्ताद, चुकलं माझं. जेवाय चला.”

“बुकिंग न्हाय माझं,” वस्ताद नाक पुसत म्हणाले.

“चला की वो!” तो ओरडला, चांगला रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा.

जाणकारांनी नियमाप्रमाणे खिशातला फोन काढून हातात धरला होता. तो कुठं द्यायचा, हे त्यांनी आक्काला हळूच विचारलं.

“ऱ्हाऊ दे खिशात. आन मोठ्यानं बोला, पावणं, ऐकाय येत न्हाय.”

उदयसिंह ओलं फडकं घेऊन फळ्याकडं निघाला. आक्कानं त्याचा हात धरला.

“आदी वाढ,” ती म्हणाली.

त्यानं वाढलं. वस्ताद कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले आणि पहिली वाटी अशी भुरकली की जाणकार दचकले. ते ऐकून आक्का उठली, दारात गेली आणि लेकाचं नाव तिनं आपल्या पदरानं पुसलं.