सोड, वहिनी!

उपांत्य फेरीत माझी नणंद समोर आली हे कळलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी नाश्ता दोनदा वाढून घेतला. वर्षभर याचीच वाट बघत होते. हिला सगळ्यांदेखत कोर्टावर लोळवायची होती.

माझ्या लग्नाआधीपासून आम्ही दोघी जोडीने टेनिसची दुहेरी खेळायचो. तिच्यामुळेच तर तिचा भाऊ माझ्या गळ्यात पडला. गेल्या वर्षी माझा गुडघा दुखावला. मी पट्टी बांधून घरी बसले होते आणि बाईसाहेबांनी नवी जोडीदार शोधली. मला तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून भावाला पुढे केलं. हा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणतो, "अगं, ती म्हणते, वहिनी आता पळत नाही." आणि हे सांगताना मोज्यांच्या जोड्या लावत होता!

पुढच्याच रविवारी मी जेवणाच्या टेबलावर नणंदेला सुनावलं, "ज्या दिवशी तुझ्याकडून हरेन, त्या दिवशी रॅकेट खुंटीला टांगेन. कायमची."

"अगं, खेळ आहे तो," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही जेवा," मी म्हटलं.

सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो.

"गुडघा कसा आहे?"

"कळेलच तुला."

"दादा कुठे बसणार आहे?"

"त्यालाच विचार. निरोप पोचवायची सवय आहे त्याला."

तिने बुटाच्या नाड्या आवळल्या. दादा बसला बरोब्बर नेटच्या रेषेत, पंचांच्या मागे. टाळ्यासुद्धा दोन्ही बाजूंना सारख्या वाजवत होता, शहाणा!

पहिलाच चेंडू मी तिच्या छातीवर मारला. तिने दुसरा माझ्या गुडघ्यावर. मग काय, हिशेब सुरूच झाला. तिची ती नवी जोडीदार, मी तिला ताडमाड म्हणते, सर्व्हिस अशी करायची की समोरचीच्या हातातून रॅकेट उडेल. माझी जोडीदार डावरी. हात सोन्याचा, पण कोर्टावर तोंडात मिठाची गुळणी. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलटं पळणाऱ्या बाईला तो कुठे पडणार हे दिसत नाही. जोडीदाराने ओरडायचं असतं, "मार" नाहीतर "सोड". डावरीला हे सांगून सांगून माझा घसा बसला. नणंदेला कधी सांगावं लागलं नाही. ती मागून ओरडायची, "सोड, वहिनी!" आणि मी सोडायचे.

शेवटचा टायब्रेक आला आणि मॅच पॉइंट त्यांचा. आणखी एक चेंडू गेला की संपलं, रॅकेट खुंटीला. ताडमाडने मागून चेंडू उंच उचलला, थेट माझ्या डोक्यावरून. मी वळले आणि पळाले. पळत नाही म्हणे! गुडघा ठणकत होता, डावरी गप्प होती, चेंडू खांद्यावर आला. मी रॅकेट उचलली.

"सोड, वहिनी!"

मी रॅकेट खाली घेतली.

चेंडू रेषेच्या बोटभर बाहेर पडला. आमचा गुण. ओरडली होती ती नेटच्या पलीकडून, माझी नणंद, आणि आता स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभी होती.

"तू कुणाकडून खेळतेयस गं?" ताडमाड किंचाळली.

त्यानंतर ती जोडी फाटलीच. ताडमाडने रागाच्या भरात सर्व्हिस लागोपाठ नेटमध्ये घातली, नणंदेने हातातला सोपा चेंडू बाहेर घालवला. आम्ही जिंकलो. डावरी माझ्या गळ्यात पडली. मला मात्र काडीचा आनंद होईना.

हात मिळवायला नेटपाशी गेले. तिचा हात गार पडला होता.

"माझ्यावर उपकार करायची गरज नव्हती," मी दातओठ खात म्हणाले.

"उपकार? डोंबल! तोंडातून निघून गेलं. मला जिंकायचं होतं."

"पुन्हा माझ्यासाठी ओरडलीस तर याद राख."

"मग तू ऐकायचं नव्हतंस ना!" ती म्हणाली आणि हात झटकून निघून गेली.

वर्षभर ज्याला त्याला सांगत फिरले होते, या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि रॅकेट खाली घेताना मी मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.