दस्त्यातला खळगा

मी आजवर एकतीस बंदुका दुरुस्त केल्या. त्यातली एक इतकी सुंदर केली की माझ्या मेहुण्याचं रानात जाणंच सुटलं. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आमची बंदूकवेडी मंडळी जमतात, त्यांच्यात त्या बंदुकीचं नाव अजून निघतं, आणि निघालं की कुणीतरी माझी पाठ थोपटतं. मी कॉफीचा कप भरायच्या निमित्ताने उठतो.

आमच्या डोंगरात प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारामागे एक पॉइंट टू-टू बंदूक उभी असते. कुणाच्या तरी आजोबांनी टपालाने मागवलेली, स्वस्तातली, करंगळीच्या पेराएवढ्या काडतुसाची. खारी मारायच्या, कोंबड्यांमागे लागलेला कोल्हा हुसकवायचा, बाकी वर्षभर गंज खात बसायची. मौल्यवान जुन्या बंदुकांचा धंदा करणारे लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या बंदुकांवरचा डागसुद्धा पुसायचा नाही, असा दंडक आहे. हिला मात्र काहीही करा, कुणी विचारत नाही. मी चाळीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात यंत्रं खोलून जोडली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा परसातल्या शेडमध्ये लोकांच्या या अनाथ बंदुका आणून बसलो. कुठलीही वाकडी गोष्ट दिसली की मला ती सरळ केल्याशिवाय चैन पडत नाही. हा गुण आहे असं मी सत्तर वर्षं धरून चाललो होतो.

डेल्मर माझ्या बहिणीचा, ओपलचा नवरा, पण त्याआधी माझा दोस्त. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी खारींच्या शिकारीचा मोसम उघडतो. नऊ वर्षांचे असल्यापासून त्या पहाटे आम्ही दोघं हिकरीच्या झाडांखाली बसलेले असायचो, कारण त्या कठीण कवचाच्या फळांवर खारी तुटून पडतात. तो फौजेत होता ती दोन वर्षं सोडली तर एकही शनिवार चुकला नाही. त्याच्याकडे कायम एकच बंदूक, त्याच्या बापाची. डेल्मर भला माणूस, पण हातात अवजार घेतलं की सगळा आनंद. त्याने खिळा ठोकला तर खिळा सोडून बाकी सगळ्याला लागायचं. नेम मात्र असा की ओपलला खारीच्या रश्श्यात कधी छर्रा शोधावा लागला नाही. डोक्यात एक गोळी, बस्स.

पूर्वी आमच्यात तिसरा हॉबार्ट होता, आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याला दिसेनासं झालं होतं आणि तो ते कबूल करत नव्हता. एका सकाळी त्याने भलत्याच फांदीवर गोळी झाडली. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आम्ही कॉफी पीत होतो, तेव्हा मी त्याला सरळ म्हणालो, "हॉबार्ट, आंधळ्याच्या हातात बंदूक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. पुढच्या वर्षी घरी बस, आम्ही तुझ्या वाटणीच्या खारी पोचवू." हॉबार्ट हसला. पुढच्या वर्षी तो आला नाही, आणि दोन हिवाळ्यांनी गेला. मला वाटलं होतं, मी शहाणपणाचं बोललो. बोललो ते चूक नव्हतंही, पण कसं बोललो ते डेल्मर शेजारी बसून ऐकत होता.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये डेल्मरला सत्तर पूर्ण होणार होती. मार्चमध्येच मी ओपलला गाठलं आणि म्हटलं, त्याची बंदूक गुपचूप दे. मोसम संपला की तो ती कपाटात ठेवतो आणि ऑगस्टपर्यंत बघत नाही, हे मला ठाऊक होतं. तिने ती गोधडीत गुंडाळून माझ्या ट्रकमध्ये सरकवली.

रानात त्याची बंदूक मी कधी हातात घेऊन बघितली नव्हती; शेडमध्ये गोधडी उलगडली आणि मला हसूच फुटलं. लाकडी दस्त्याच्या वरच्या कडेला, गाल टेकतो तिथे, कानशीने ओरबाडून एक खळगा केला होता. वरून खोल, डाव्या अंगाला उतरता, जसा उंदरांनी कुरतडलेला पाव. नळीवरची नेम धरायची मूळची खाच गायब. तिच्या जागी वाकवलेली पत्र्याची पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली, तीही डावीकडे कललेली. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाची खूण, तशीच, एका तुकड्यावर डाग देऊन डाव्या बाजूला टांगलेली. नेम धरायच्या दोन्ही खुणा नळीच्या मधोमध हव्यात, हे पोरासोरांनाही कळतं. मी मनात म्हटलं, डेल्मरने मूळच्या खुणा हरवल्या असणार आणि हाताला लागेल ते चिकटवलं असणार. शिवाय बंदूक कुठेतरी आपटून दस्ता तुटला असणार. त्याच्या हातांकडे बघता दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. नेहमीच्या रिवाजाने मी आधीचा फोटो काढला, म्हणजे नंतर शेजारी ठेवून मिरवता येतं.

मग तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. नळी घासून तिला पुन्हा गडद निळा रंग चढवला. खळग्यात बसवायला जुळत्या रेषांचं अक्रोडाचं लाकूड हवं होतं, ते तीन आठवडे हिंडून एका मोडक्या पलंगाच्या उशाकडच्या फळीत सापडलं. तुकडा असा बसवला की जोडावरून नख फिरवलं तरी अडकू नये. मुठीवर बारीक चौकड्यांची जाळी कोरली, जवसाचं तेल तळहाताने चौदा वेळा जिरवलं. वाकडी पट्टी आणि माशीखालचा तुकडा काढून भंगाराच्या डब्यात टाकले आणि खुणा मधोमध आणल्या. पन्नास पावलांवरून पाच गोळ्या बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत बसल्या. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि हे मी आजही खोटं सांगत नाही.

वाढदिवसाला अंगणात चाळीस माणसं होती. घेवडा, मक्याची भाकरी, ओपलचा सफरचंदाचा सात थरांचा केक. मी गोधडी उलगडली तेव्हा सगळे पुढे सरकले. डेल्मरने बंदूक हातात घेतली. त्याचा अंगठा दस्त्याच्या वरच्या कडेवर गेला, पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मला वाटलं, जोड शोधतोय.

"सापडणार नाही," मी छाती फुगवून म्हणालो.

"नाही सापडत," डेल्मर म्हणाला. मग त्याने मला मिठी मारली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या सप्टेंबरात आम्ही नेहमीच्या झाडांखाली बसलो. डेल्मरने सहा गोळ्या झाडल्या आणि सहाही हवेत गेल्या. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. बंदूक नवी झाली पण म्हातारा जुनाच राहिला, असं म्हणून त्याला चिडवलं. तो हसला आणि नऊच्या आत ट्रकमध्ये जाऊन बसला. नंतर कधी गुडघा दुखतोय, कधी कुंपण दुरुस्त करायचंय. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी तो बंदूक घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, तुझ्या भिंतीवर शोभेल, माझ्याकडे हिला ओरखडे पडतील. मला इतका आनंद झाला की मी त्याला आत बस असंही नीट म्हणालो नाही. खिळा शोधायला पळालो.

पुढच्या मोसमात तो आलाच नाही. मी एकटा गेलो, आणि परत येऊन ओपलपाशी तणतणलो की तुझा नवरा ऐदी झालाय, साठ वर्षांची सोबत अशी सोडतात का. तिलाही कारण माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या मार्चमध्ये डेल्मरने भर दुपारी ट्रक स्वतःच्याच फाटकाच्या उजव्या खांबावर घातला. ओपलने त्याला बळेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कोटही न काढता बसली.

"दादा, उजवा डोळा गेलाय त्याचा. डॉक्टर म्हणतात, दहा वर्षं झाली असतील. दहा वर्षं हा माणूस माझ्याशेजारी बसून जेवतोय आणि मला पत्ता नाही." मग म्हणाली, "आता डावाही चाललाय. या हिवाळ्यापर्यंत चांगला होता म्हणे. आता नजरेतलं मधलं पुसत जाणार. फार तर हा उन्हाळा."

मी विचारलं, मग इतकी वर्षं हा खारी कशा मारत होता? ते तुला माहीत, ती म्हणाली, रानात तू असायचास.

ती गेल्यावर मी शेडमध्ये जाऊन तो आधीचा फोटो शोधून काढला. मग झाडूचा दांडा उजव्या खांद्याला लावला, उजवा डोळा मिटला आणि डाव्या डोळ्याने दांड्यावरून बघायचा प्रयत्न केला. मान पार लाकडावरून पलीकडे कलंडवावी लागली. गाल जिथे रुतत होता, बरोबर तिथेच फोटोतला खळगा होता. डावा डोळा जिथे येत होता, त्याच्या रेषेत ती वाकडी पट्टी आणि तो टांगलेला तुकडा. डेल्मरने ते सगळं एका दिवसात केलेलं नव्हतं. डोळा विझत गेला तसा दर ऑगस्टला थोडी कानस मारत, थोडी पट्टी सरकवत केलं होतं. दिसायला पंचक्रोशीतलं सगळ्यात भिकार काम, पण त्यातला एकही घाव वाया गेलेला नव्हता. आणि मी, चाळीस वर्षं यंत्रं जुळवणारा, त्याला उंदरांनी कुरतडलेला पाव म्हणून हसलो होतो.

त्याच्या डाव्या डोळ्यात दोन चांगले मोसम शिल्लक होते. ते दोन्ही माझ्या भिंतीवर टांगलेले होते. पुढे बरेच दिवस मला बंदुकीकडे बघवलं नाही.

एप्रिलमध्ये मी ती खाली उतरवली. माझी जोडणी आता मलाच सापडत नव्हती, म्हणून फोटोवरून मापं घेतली आणि चौदा तेलांखालच्या लाकडावर कानस ठेवली. पहिला घाव घालायला एक अख्खी सकाळ गेली. मी काही फेकत नाही, त्यामुळे पट्टी आणि तुकडा भंगाराच्या डब्यात होते. खळगा रोज थोडा थोडा उतरवत नेला, झाडूच्या दांड्याऐवजी आता तीच बंदूक खांद्याला लावून. पण माझा गाल म्हणजे काही त्याचा गाल नव्हे.

ऑगस्टच्या शेवटी दुपारी मी ती त्याच्याकडे नेली. डेल्मर मागच्या पडवीत खुर्चीवर बसला होता, समोर परसातली मोठी हिकरी. मी बंदूक रिकामी असल्याचं त्याला दाखवलं, बोट आत घालून, आम्ही नेहमी करतो तसं. तो भलतीकडेच बघत होता. मग मी ती त्याच्या हातात दिली. त्याचा अंगठा दस्त्यावर गेला आणि खळग्यात थांबला.

"हे कुणी केलं?"

"मी. मला सांगायचं होतंस, डेल्मर. वाढदिवसाच्या दिवशीच सांगायचं होतंस."

"चाळीस माणसांसमोर?"

"मग नंतर. नाहीतर स्वतःच कानस मारायचीस."

"तुझ्या कामावर मी कानस मारू? तीन महिने रक्त आटवलंस तू." तो खळग्यावरून बोट फिरवत राहिला. "आणि सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस. हॉबार्टला काय म्हणालास ते मी ऐकलं होतं, एमरी."

चुकलो, एवढंच म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द त्याने साठ वर्षांत ऐकला नव्हता. तो ऐकून तो थोडा गोंधळलाच, आणि मला सावरायला म्हणून की काय, त्याने बंदूक खांद्याला लावली. मान लाकडावरून पलीकडे कलली. गाल खळग्यात उतरला आणि बसला, कुठे फट नाही की अडलं नाही.

"बसली," तो म्हणाला. "अगदी होती तशी बसली."

नळी हिकरीकडे वळली आणि तो बराच वेळ तसाच बघत राहिला. पंचवीस पावलांवर, खालच्या बेचक्यात, एक धष्टपुष्ट खार मागच्या पायांवर बसून फळ सोलत होती. तिची शेपटी उन्हात लालसर दिसत होती. फांद्या फळांनी वाकल्या होत्या.

"एकही नाही," डेल्मर म्हणाला. "हिकरी फळली नाही वाटतं या वर्षी."

"नाही फळली," मी म्हणालो.

तेवढ्यात फळाचं साल झाडाखालच्या शेडच्या पत्र्यावर पडलं. मग दुसरं. वर खार फळ सोलत असल्याचा हा आवाज आम्ही दोघं नऊ वर्षांचे असल्यापासून ओळखतो. डेल्मरने बंदूक खाली घेतली नाही, गालही उचलला नाही.

"वारा सुटलाय," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. परसात एक पानही हलत नव्हतं.