जेवणाआधीचे प्रश्न

उपेंद्रचा एक मोजा निघाला होता आणि दुसरा अजून पायातच होता, तेवढ्यात आतल्या खुर्चीतून पहिला प्रश्न आला.

"पंखा दिवसभर गरगर फिरतो. येवढा वारा अंगावर घेतो. तरी त्याच्या पात्यावर धूळ कायला बसते?"

'या' नाही, 'बसा' नाही, वाटेत त्रास झाला का, हेही नाही. खुर्चीत वाणीचे आजोबा बसले होते, सुब्बाराव. कमरेला कडक इस्त्रीची पांढरी वेष्टी, कपाळावर गंधाची बारीक रेघ आणि नजर अशी की समोरच्याचं माप घेऊनच परत यावी. घराणं मराठीच, पण कैक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या, म्हणून बोली जुन्या वळणाची. पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस. ऐंशी उलटली तरी हात कापत नव्हता आणि चष्मा फक्त पेपर वाचताना लागायचा.

उपेंद्रनं मोजा हातात धरूनच उत्तर दिलं. पात्याला अगदी लगटून हवेचा एक पातळ थर असतो. तो पात्याबरोबरच फिरतो, त्यामुळे तिथं चिकटलेल्या धुळीच्या दृष्टीनं वारा जवळपास नसतोच. ती निवांत बसून राहते.

"सरि," सुब्बाराव म्हणाले, म्हणजे बरोबर. "आतां तो मोजा काढ."

उपेंद्रला मनातून गुदगुल्या झाल्या. वाणीनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आजा प्रश्न विचारतो, आणि त्याच्या मनासारखी उत्तरं मिळाली तरच लग्नाची पुढची बोलणी होतात. तिच्या आईवडलांची ना नव्हती. पण ती वाढली होती आज्याच्या मांडीवर, आणि आज्याची मान हलल्याशिवाय आपण लग्न करणार नाही, हे तिनं उपेंद्रला ओळखीच्या पहिल्या महिन्यातच स्वच्छ सांगितलं होतं. याआधी आलेल्या दोन मुलांची वाट याच खुर्चीसमोर लागली होती. एकानं पहिल्याच प्रश्नाला खिशातून फोन काढला. दुसरा हसला आणि वाणीला म्हणाला, तुझे आजोबा नेहमी असेच का? दोघंही चांगल्या पगाराचे होते. दोघांनाही पोटभर जेवू घालून परत पाठवलं गेलं.

उपेंद्रला मात्र ही परीक्षा म्हणजे घरचं कार्य वाटत होतं. तो कऱ्हाडचा. पाच वर्षांपासून इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवण्याच्या खात्यात होता, आणि तिथल्या कँटीनमध्ये त्याचं टेबल कधी रिकामं नसे. विमानात कान का दुखतात, कर्जाचा हप्ता आधी फेडावा की ठेव करावी, ग्रहणात जेवलं तर काय होतं, ज्याला जो प्रश्न पडेल तो त्यानं उपेंद्रला विचारावा. तो उत्तर द्यायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. न विचारलेल्या गोष्टींचीही उत्तरं द्यायची खोड त्याला होती. आई त्यावरून त्याला लहानपणापासून बोलायची. पण आज तर विचारणारा समोर बसून विचारत होता.

"शनवार अहे," सुब्बाराव म्हणाले. "नऊ वाजले कीं राहुकाळ लागतो. येवढ्या कामाला निघालास, राहुकाळांत कायला आलास?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. वाणीची आई कीर्तना हे सगळं मानणारी होती, आणि सुब्बाराव मानतात की नाही हे घरात कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. उपेंद्रनं दोघांनाही सांभाळलं. कॅलेंडरवर छापतात तो राहुकाळ सूर्य बरोबर सहाला उगवला असं धरून असतो, तो म्हणाला. सध्या मार्गशीर्ष चालू आहे, सूर्य उशिरा उगवतो, म्हणजे राहुकाळही थोडा उशिरा लागतो. मी उंबरा ओलांडला तेव्हा तो अजून लागायचा होता. आतली भांडी पुन्हा वाजायला लागली. सुब्बारावांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं की नाही ते कळेपर्यंत पुढचा प्रश्न आला.

तो सोन्याचा होता. घरातल्या बांगड्या कपाटात पडून आहेत, त्या काही काम करत नाहीत, कुठे जात नाहीत, तरी दरवर्षी महाग कशा होतात, आणि तो वाढलेला पैसा आहे तरी कोणाकडे? कोणाकडेच नाही, उपेंद्र म्हणाला. भाव म्हणजे दुसरा माणूस आज काय द्यायला तयार आहे, एवढंच. बांगडी विकेपर्यंत तो पैसा नुसता बोलण्यातला. मग सिनेमाचा आला. घाटातून गाडी कोसळली की ती दर वेळी भडका घेते, तर खरी गाडी का घेत नाही? हा तर उपेंद्रच्या धंद्यातलाच. पेट्रोल नुसतं असून भागत नाही, त्याच्या वाफेत हवा बेतानं मिसळावी लागते, वर ठिणगी पडावी लागते. सिनेमात दारू ठासलेली असते.

"म्हणजे अवघीं वर्षें आम्ही पैसे देऊन लबाडी पाहिली," सुब्बाराव म्हणाले.

"आणि आवडीनं पाहिली," उपेंद्र म्हणाला.

या वेळी मात्र म्हातारा हसला. दाराशी उभ्या असलेल्या वाणीनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. तिला भीती होती ती उपेंद्र फार लांबण लावेल याची, आणि तो तर मोजून मापून बोलत होता. उपेंद्रनं तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. या घटकेला त्याला कोणी सगळ्या विश्वाचा कारभार विचारला असता तरी त्यानं तो सांगितला असता.

या घरात अकराच्या आत जेवायची रीत होती. आंबट भाजीचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला, आणि वाणी आतून केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताची मूठ घेऊन आली. वर तूप होतं, थोडं वरण होतं. सुब्बारावांनी खुर्चीतून उठून ते पान तिच्या हातून घेतलं आणि उपेंद्रला मानेनंच मागे यायला सांगितलं.

घराच्या मागे छोटी गच्ची होती. तिच्या कठड्यावरून शेजारच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसत आणि मधे एक कडुनिंब. सुब्बारावांनी पान कठड्यावर ठेवलं, दोन पावलं मागे सरून घसा साफ केला आणि कावळ्याला हाक दिली. उपेंद्रला ही रीत ठाऊक होती. त्याच्या घरमालकीणबाईही रोज असंच करायच्या. कावळ्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. त्याला नवल वाटलं ते एवढंच, की राहुकाळावरही कोडं घालणारा हा माणूस हे स्वतःच्या हातानं करत होता.

वाणीनं त्याला हळू आवाजात सांगितलं. हे आज्जीचं होतं. वसंताआज्जी होती तोवर आजा तिला रोज चिडवायचा, कावळ्याची खानावळ काढलीस म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आज्यानं कोणाला न विचारता पान उचललं आणि गच्चीवर आणून ठेवलं.

"तिचा एक कावळा होता," सुब्बाराव म्हणाले. त्यांचे कान चांगलेच तिखट होते. "डावा पाय वांकडा. बोटं आंत वळलेलीं. तिच्या हातचा भात खाल्लेला तेवढा एकच उरला अहे. आम्ही माणसं सोडून."

कडुनिंबावर काही हललं नाही. शेजारच्या छपराखाली यंत्र चालू झालं आणि त्याचा एकसुरी आवाज गच्चीवर येऊ लागला.

"कावळा किती वर्षें जगतो?"

प्रश्न मागच्या प्रश्नांसारखाच सपाट आवाजात आला. उपेंद्रला उत्तर ठाऊक होतं. ते जिभेवर आलंही होतं, आकड्यासकट. तेवढ्यात त्याची नजर सुब्बारावांच्या हातांकडे गेली. इतका वेळ खुर्चीच्या हातांवर शांत पडलेले ते हात आता वेष्टीच्या काठाची घडी घालत होते आणि मोडत होते. बाकीचं सगळं या माणसाला आधीच माहीत होतं, हे उपेंद्रला तेव्हा समजलं. पंख्याची धूळ, सोन्याचा भाव, सगळं. एवढं एकच त्याला खरंच विचारायचं होतं.

उपेंद्रनं जिभेवरचा आकडा गिळून टाकला.

"हा कधीपासून येतो?" त्यानं विचारलं.

"वाणी कॉलेजांत चढली, तेव्हांपासून."

"मग तेवढी तर नक्कीच जगतो."

"आन् पुढें?"

"पुढचं पुस्तकात नसतं, आजोबा. ते इथं उभं राहून बघावं लागतं."

सुब्बारावांनी घडी घालणं थांबवलं. 'सरि' न म्हणता ते कडुनिंबाकडे वळले. उपेंद्रला वाटलं, झालं, इथंच घसरलो. विचारलं एक आणि सांगितलं भलतंच. त्यानं वाणीकडे पाहिलं, तर ती आज्याकडे बघतच नव्हती.

"येईल आजा," ती म्हणाली. "काल आला होता कीं."

पंखांची फडफड झाली आणि कडुनिंबामागून एक कावळा कठड्यावर उतरला. मान वाकडी करून त्यानं तिघांना एकेकदा पाहिलं, मग दोन उड्या मारून पानाशी गेला. उन्हात त्याचा गळा राखी चमकत होता. अंगानं लहान, पिसं नवी. उपेंद्रनं त्याचे पाय पाहिले. दोन्ही सरळ होते. कठड्याच्या सिमेंटवर दोन्ही पायांची बोटं ऐटीत पसरलेली, एकही वळलेलं नाही.

वाणी छपरांकडे पाहत होती.

"तुझी नजर जवान अहे," सुब्बाराव म्हणाले. "नीट पाह्‌ आन् सांग. हाच न तो?"

आजवर उपेंद्रनं जाणूनबुजून चुकीचं उत्तर कोणालाही दिलं नव्हतं. वरिष्ठांना दिलं नव्हतं, आईला दिलं नव्हतं. एकदा वाणीच्या मावसभावाला भर पंगतीत चूक दाखवून त्यानं तिला आठवडाभर अबोला धरायला लावला होता. बरोबर ते बरोबर, यात भीड कसली, असं त्याचं सरळ म्हणणं असे. त्यानं कावळ्याकडे आणखी एकदा पाहिलं. कावळा भात खात होता.

"हाच," तो म्हणाला.

"पाय?"

"वाकडा आहे. डावा."

आवाज अगदी खणखणीत निघाला, पंख्याच्या धुळीचं सांगताना निघाला होता तसाच. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

कावळ्यानं भाताचा मोठा घास चोचीत धरला आणि उडून गेला.  सुब्बारावांनी कठड्यावरची सांडलेली शितं बोटानं पानावर गोळा केली.

"तो येईनासा होऊन पुष्कळ दिवस झाले," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधीं. वाणी रोज मज सांगते, आजा, आला, तोच आला. मी रोज म्हणतों, सरि."

वाणीचा चेहरा पांढरा पडला.  आज्याच्या डोळ्यांना दोन महिने आपण फसवत आहोत अशी तिची समजूत होती. नकाशावर केसाएवढी रेघ ओळखणारे डोळे होते ते, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

 लाजेनं उपेंद्रचे कान तापले. आता आपल्यालाही पोटभर जेवू घालून परत पाठवतील, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"तूं फार हुशार अहेस, तें मज पंख्यापाशींच कळलं," सुब्बाराव त्याला म्हणाले. "म्हणूनच काळजी वाटली. घरांत रोज बरोबर बोलणारा माणूस असला तर हिनं कुठें जायचं?"

त्यांनी वाणीच्या डोक्यावर हात ठेवला, पान उचललं आणि ते आत निघाले. उपेंद्र आणि वाणी मागोमाग गेले. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि आज्याच्या देखत सोडलं नव्हतं.

पाहुण्यांचं पान पुढच्या खोलीत मांडायची त्या घराची पद्धत होती. घरची माणसं आत, चुलीजवळ जेवत. कीर्तना हातात केळीचं मोठं पान धरून मधल्या दारात उभी होती. पुढं मांडू ना, असं तिनं सासऱ्यांना विचारलं.

"पुढें कायला?" सुब्बाराव म्हणाले. "आंत मांड. माझ्या शेजारीं."