नारळ ज्या कोपऱ्यात गेला

त्या रिकाम्या घराच्या हॉलमध्ये सकाळी दहा वाजता वीस-पंचवीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती आणि कुणी खोकतही नव्हतं. मधोमध भगीरथ भगत उकिडवे बसले होते. त्यांच्यापुढे चकचकीत पांढऱ्या लादीवर हळदकुंकू माखलेला एक नारळ होता.

भगतांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि नारळावरचा हात काढला. नारळ क्षणभर तसाच राहिला. मग जरा हलला आणि कुणी न ढकलता लोळत निघाला. स्वयंपाकघराच्या भिंतीला जिथे हॉलचा कोपरा मिळतो तिथे जाऊन टेकला. भगतांनी तो उचलून दाराशी ठेवला, पुन्हा हात काढला. नारळ पुन्हा त्याच कोपऱ्यात. तिसऱ्यांदा खिडकीखालून सोडला, तरी तिथेच.

बायकांनी हात जोडले. प्रियांकाच्या सासूबाई, अनिताबाई, पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात जाऊन वाकल्या. कडेवर दोन वर्षांचा स्वरूप घेऊन उभ्या असलेल्या प्रियांकाच्या अंगावरही काटा आला. बी.कॉम. झाली होती ती, पण तीन वेळा एकाच कोपऱ्यात गेलेला नारळ तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"ऐका," भगत म्हणाले, आणि हातातली काठी लादीवर आपटत निघाले. टक, टक, टक. कोपऱ्यात पोचल्यावर आवाज बदलला. ढब, ढब. "बोलते का नाय? खाली लक्ष्मी निजलीय, भरल्या हंड्यासकट. नारळ ती वढून घेते. असली जागा मी शहापुरात पाह्यली नाय, मुरबाडात पाह्यली नाय. पन एक सांगून ठेवतो. ही लादी उकरायची नाय, इथं ठोकायचं नाय, कोपऱ्यातला देवीचा फोटू हलवायचा नाय. जो संशय घेल त्याच्या घरातलं सगल्यात लहान डोकं ती मागून घेल."

एवढं बोलून त्यांनी स्वरूपकडे पाहिलं. प्रियांकाने पोराचं डोकं नकळत हाताने झाकलं.

या बाजूला घर घ्यायचं तर विसार देण्याआधी भगताकडून जागा पाहून घेतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वावगं पुढे होतं: नारळाने एकदा हो म्हटलं की माणसं स्वतः पाहणं थांबवतात. पुन्हा पाहायला जाणं म्हणजे देवावर संशय. प्रियांकाच्या नवऱ्याने, दीपेशनेही हे घर एकदाच पाहिलं होतं, ठाण्याची ड्युटी संपवून येताना, अंधार पडल्यावर, मोबाईलच्या टॉर्चमध्ये. नळ सोडून पाहिला, बाथरूमची लादी आवडली म्हणाला आणि निघाला. मालक अनिल त्याच दिवसापासून सांगत होता की कल्याणची एक पार्टी मागे लागली आहे, गुरुवारपर्यंत विसार आला नाही तर माझा इलाज नाही.

भाड्याच्या खोलीवर परत आल्यावर तांदूळ निवडताना प्रियांकाच्या मनात एक गोष्ट खड्यासारखी राहिली. देवापुढच्या नारळाची शेंडी कुणी काढत नाही. त्या नारळाची काढलेली होती. नुसती काढलेली नव्हे, वरचा काथ्या घासून घासून नारळ चेंडूसारखा गोल केलेला होता.

दुसऱ्या दिवशी पडद्यांची मापं घ्यायचीत असं सांगून तिने अनिलकडून चावी आणली. स्वरूप सोबत होता, आणि त्याचा लाल प्लास्टिकचा चेंडू. घरात शिरताच पोराने चेंडू टाकला. चेंडू कोपऱ्याकडे निघाला. प्रियांकाने उचलून तो दाराशी ठेवला. ना हळद, ना मंत्र. चेंडू गेला तिथेच, जिथे नारळ गेला होता.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण स्वरूप चेंडूमागे धावला आणि कोपऱ्यात जाऊन आनंदाने उड्या मारू लागला. ढब, ढब, ढब. ती झेपावली, त्याला उचलून दाराबाहेर पायरीवर आणून ठेवलं. मग एकटीच परत आत गेली. हात पुढे करून तिने देवीचा फोटो खिळ्यावरून काढला. खोटं कशाला सांगा, फोटो काढताना तिने मनातल्या मनात देवीची माफी मागितली. मागे भिंतीत बोट जाईल एवढी तिरकी भेग होती, पुट्टी भरून वर रंग मारलेली, आणि पुट्टीलाही नवी चीर गेलेली.

कुंपणाबाहेरून मंगळी चालली होती, वरच्या वाडीतली म्हातारी, डोक्यावर रानभाजीची पाटी. प्रियांकाने तिला बोलावून विचारलं, इथे पूर्वी काय होतं.

मंगळीने घराकडे हनुवटी केली. "बाव होती ना गो. माझी आय इथंच पाणी भरायची. पलाट पाडले तवा राडारोडा लोटला तिच्यात, केळीचे खुंटसुद्धा. त्यावर लादी टाकली नि झालं घर."

बाव म्हणजे विहीर. आणि पोर आत्ताच तिच्यावर नाचून आलं होतं.

संध्याकाळी तिने मुरबाडला वडिलांना फोन केला. धाकलू हे तीस वर्षं गवंडीकाम केलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, लेवल पाह्यली का कुनी?"

सासूबाईंनी मात्र ऐकून घेतलं नाही. फोटो हलवला हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्याच रात्री स्वरूपला कणकण आली. प्रियांकाने आयुष्यात इतकी धास्ती कधी खाल्ली नव्हती. शिकलेलं सगळं एका बाजूला आणि हाताला लागणारं ते गरम कपाळ एका बाजूला. सकाळी डॉक्टर म्हणाले, सर्दीचा ताप आहे, या गल्लीतल्या निम्म्या पोरांना आहे. त्या निम्म्या घरांतून कुणी फोटो हलवला नव्हता, एवढं तिने स्वतःला दहादा सांगितलं.

गुरुवारी पुन्हा गर्दी जमली. दीपेश रजा टाकून आला होता, विसाराचं पाकीट खिशात. धाकलू जीपने शहापूरला उतरून तिथून आले होते. पिशवीतून त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, ओळंबा काढला आणि एक लाकडी पाट काढला.

प्रियांकाने आवाज शक्य तितका स्थिर ठेवून भगतांना विनंती केली की नारळ एकदा या पाटावर ठेवावा. तिच्या वडिलांनी हॉलच्या मधोमध पाट मांडून कोपऱ्याकडच्या बाजूने खाली पाचर सारली होती, नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं येईपर्यंत.

"देव का पाटावर बसतो?" भगत म्हणाले.

"आमच्याकडं पाटावरच बसतो," धाकलू म्हणाले. गर्दीत कुणीतरी हसलं.

भगतांना ठेवावाच लागला. ओठ हलले, हात निघाला. नारळ बसून राहिला. खोली तीच, नारळ तोच, मंत्र तोच. धाकलूंनी तीच पाचर आणखी आत सारली. नारळ उतरला आणि उलटा, दाराकडे निघाला. थोडं अंतर गेला आणि पुन्हा वळून कोपऱ्याच्या वाटेला लागला.

"लक्ष्मी दारापातुर जाऊन परत फिरली म्हना," मागून एकजण बोलला. आता बरेच हसले.

धाकलू हसले नाहीत. त्यांनी नळीचं एक टोक दाराशी धरलं, दुसरं दीपेशला कोपऱ्यात धरायला लावलं. जमीन कोपऱ्याकडे तीन बोटं खचलेली होती. लादी चकचकीत म्हणून नजरेला कळत नव्हतं, गोल नारळाला मात्र कळत होतं. मग त्यांनी भिंत आणि लादीच्या मधल्या फटीत एक सळी घातली. लादी फोडायची गरजच पडली नाही. सळी वीतभर गेली, मग पूर्ण हातभर गेली, आणि खाली कशालाच लागली नाही.

हसू थांबलं. भिंतीला टेकलेली माणसं एकेक करून दाराकडे सरकली. ढब ढब का वाजत होतं ते आता सांगावं लागलं नाही. दारात उभ्या मंगळीने बाव कुठल्या बाजूला होती ते हाताने दाखवलं, आणि अनिलने तिला खोटं पाडलं नाही. दीपेशने खिशातलं पाकीट बाहेर काढलंच नाही.

भगत जाता जाता प्रियांकाला म्हणाले, "लहान डोकं सांभाल."

तिने पाहिलं, तो माणूस कोपऱ्याला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडत होता. लादी ठोकू नका, फोटो हलवू नका म्हणणाऱ्याला खाली काय आहे ते आधीपासून ठाऊक होतं. त्याच लादीवर आपलं पोर खेळेल हेही त्याला ठाऊक होतं.

"तेच सांभाळतेय," ती म्हणाली.

नारळ मंगळी घेऊन गेली. चटणीला चांगला निघाला म्हणे.

शाप म्हटला की भीती एका दिवसात जात नाही. पुढचे कितीतरी दिवस स्वरूप शिंकला तरी प्रियांकाचा हात त्याच्या कपाळाकडे जाई. पण महिन्याभराने खर्डीला दुसरं घर पाहायला गेले तेव्हा भर दुपार होती, दीपेश शिडी लावून पत्र्यावर चढला होता आणि शेजारणीला पाण्याचं विचारून झालं होतं. सासूबाईंनी पिशवीतून काहीतरी काढलं. प्रियांकाला वाटलं, नारळ. तो स्वरूपचा लाल चेंडू होता. त्यांनी तो लादीवर ठेवला, हात काढला आणि कमरेवर हात देऊन वाट पाहत उभ्या राहिल्या. चेंडू जागचा हलला नाही. तरी त्यांनी मालकाला विचारलंच, "हितं पयली बाव नव्हती ना कुनाची?"

घर घेताना नारळ फोडायला कुणाची ना नाही. मात्र तो शेवटी फोडावा. आधी उजेडात जावं, एकदा नाही, तीनदा जावं. लादी ठोकून ऐकावी, फोटो आणि कॅलेंडरं काढून भिंती पाहाव्यात, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते विचारावं, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसावं. जो कुणी पाहू नका म्हणेल, तिथे तर हमखास पाहावं. देवाला आपल्या पाहण्याचा राग येत नाही. राग येतो तो विकणाऱ्याला.