हार्कनेस वकिलाची दुसरी निवडणूक

निशिकांत देवस्थळी सिंगापुरात एका बँकेचे वकील. तिथल्या मराठी मंडळाची नियमावली त्यांनीच लिहिलेली, त्यामुळे मंडळात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. २०१६ साली अध्यक्षपद आपसूक त्यांच्याकडे चालून आलं. मंडळाची रीतच तशी होती: नाव चहावर ठरायचं, अर्ज एकच यायचा आणि सभेत 'बिनविरोध' म्हणून टाळ्या पडायच्या. मतपेटी कुठल्या कपाटात आहे, हेही कुणाला आठवत नव्हतं.

यंदाही चहावर पुन्हा त्यांचंच नाव ठरलं होतं, पण सेंगकांग भागातल्या अवनीनंही अर्ज नेला. वय एकतीस. ज्येष्ठांची धावपळ उडाली.

"तुम्ही वकील आहात, पोरीला समजवा," मावळते अध्यक्ष श्रीनिवासराव म्हणाले.

त्या आठवड्यात निशिकांत मंडळातल्या एका व्याख्यानाची तयारी करत होते. विषय होता हार्कनेस, एकोणिसाव्या शतकातला ओहायोतला एक वकील. गुरांच्या चोऱ्या नि बांधाचे तंटे लढवता लढवता हा गडी राजकारणात शिरला. पहिल्या खेपेला पक्षानं प्रतिस्पर्ध्याला घरी बसवलं आणि हा बिनविरोध विधिमंडळात गेला. पुढं एका पळून आलेल्या गुलामाचं वकीलपत्र घेतलं म्हणून लोक बिथरले आणि दुसऱ्या निवडणुकीत तो पडला. गुमान गावी येऊन पुन्हा बांधाचे तंटे लढवू लागला. म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं होतं, 'निवडून आलो तेव्हा मला एकानंही मत दिलं नव्हतं. पडलो तेव्हा दोन हजार तीनशे जणांनी दिलं.' हे वाक्य निशिकांतांची पाठ सोडेना.

शेवटी ते अवनीच्या घरी गेले. तिनं चहा पुढं केला.

"काका, तुम्ही कशाला आलात ते कळलंय मला. पण अर्ज उद्या तसाही बाद होणार. अनुमोदक मिळत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे नुसता चहा पिऊन उठलं की काम फत्ते. निशिकांतांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. इतकी वर्षं मंडळात मिरवलो, पण आपण सभासदांना खरंच हवे आहोत का, हे कधी विचारायची वेळच आली नाही.

त्यांनी अर्ज ओढला आणि अनुमोदकाच्या जागी सही केली.

"काका, तुम्ही स्वतः उभे आहात ना?"

"उमेदवारानं अनुमोदन देऊ नये असं नियमावलीत कुठंही नाही. मीच लिहिलीय ती."

श्रीनिवासरावांनी कपाळाला हात लावला. मतपेटी सापडली, मतदान झालं. अवनी सत्तावन्न, निशिकांत चौतीस.

एमआरटी रेल्वेनं टॅम्पिनीसला घरी परतताना ते शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "चौतीस माणसं, सुलेखा. काही कमी नाहीत."

"त्यात मला धरू नका हं," सुलेखा म्हणाली. "मी अवनीला दिलं."

निशिकांतांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे चौतीसच्या चौतीस खरी," ते म्हणाले.