दोन तासांचं अंतर

थोरली लेक औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मातीच्या कणांना कुठलं औषध किती चिकटतं, हे मोजणं तिचं काम. बाटलीत औषधाचं पाणी घ्यायचं, त्यात चिमूटभर पांढरी माती टाकून तासभर हलवायचं, गाळायचं, आणि गाळलेल्या पाण्यात किती औषध उरलं ते बघायचं. काही औषधं मातीला अशी बिलगतात की पाण्यात जवळजवळ काहीच उरत नाही. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेले बाबा हसायचे, "एवढी शिकलीस आणि शेवटी चिखलच कालवतेस की गं."

त्या सोमवारी आईचा फोन आला तेव्हा ती यंत्रासमोर होती, नमुने खोळंबले होते. बाबांना जुलाब होत होते.

"पोटासाठी ती मातीची पावडर आहे ना घरात? तीन वेळा दे. पाणी भरपूर पाज."

"आणि त्यांची हृदयाची गोळी?"

"ती चालूच ठेव. अजिबात चुकवू नकोस."

तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बाबा खुर्चीवरून कोसळले. दवाखान्यात नेलं, पण हृदयाचे ठोके आवरले नाहीत ते नाहीतच. दुपारी ते गेले.

"गोळी बंद केली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. "रक्तात औषध नावालाच आहे."

"एकही चुकवली नाही," आई म्हणाली. "माझ्या हाताने दिली."

लेक आईकडे वळली. "कशी दिलीस, आई?"

"पावडरीतच कुटून. दोनदा तोंड कडू कशाला करायचं त्यांचं?"

घरी आल्यावर लेकीने उरलेल्या गोळ्या आणि पावडरीचं पाकीट आपल्या पिशवीत टाकलं.

आठवड्याने कामावर गेल्यावर तिने तीच गोळी, तीच पावडर घेतली. हलवलं, गाळलं, मोजलं. औषधाचे शंभरातले नऊ भाग पाण्यात उरले होते. पुन्हा केलं. पुन्हा नऊच.

रविवारी ती घरी गेली. आई बाबांचे शर्ट घडी करत बसली होती.

"आई, ती पावडर..."

"माझ्याच हातून झालं ना?" आईने मान वर केली नाही. "तू दवाखान्यात विचारलंस तेव्हाच काळजात चर्र झालं होतं."

"तुझ्या हातून नाही. तू मला विचारलं होतंस. गोळी आणि पावडर यांत दोन तासांचं अंतर ठेव, एवढंच सांगायचं होतं मला."

"तुला ठाऊक होतं?"

"आठ वर्षं तेच करतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"घाईत होते."

आईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "घाईत," ती पुटपुटली. तिने आदळआपट केली नाही, रडलीही नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

त्याला आता वर्ष होईल. आई फोन करते. जेवलीस का, झोप लागते का, सगळं विचारते. स्वतःला ताप आला की मात्र मावशीला कळवते. मावशीकडून समजलं की लेक धावत जाते. आई दार उघडते, "उगाच आलीस, डॉक्टरांनी दिलंय औषध," म्हणते, आणि गोळ्यांचं पाकीट हळूच उशीखाली सारते.