ऱ्हाइनकाठचा पाळणा

डोकं फिरलं की मी आधी चपला शोधते, कारण मला कुणाच्या तरी दारात जाऊन भांडायचं असतं. त्या शुक्रवारी सकाळी मी अनवाणीच जिना उतरले.

खालच्या मजल्यावर ऑर्ला राहते. आयर्लंडची पोरगी, गिटार घेऊन कोलोनला आलेली. दिवसा कॅफेत कॉफी करते, संध्याकाळी छोट्या छोट्या हॉलमध्ये गाते. त्या दिवशी तिचा पहिला अल्बम आला होता. कौतुकानं लावला, तर दुसऱ्याच गाण्यात आमच्या ऊर्जाच्या बारशाचा पाळणा! आवाज माझ्या सासूबाईंचा, मागे हिची गिटार. बारशाला ही पाळण्याशेजारीच बसली होती, फोनवर रेकॉर्ड करत. आणि गाण्याखाली गीतकार म्हणून काय, तर 'ट्रॅडिशनल'.

सासूबाईंनी चष्मा लावून तो शब्द दोनदा वाचला. "म्हणजे कुणाचंच नाही, असं ना गं?" त्या म्हणाल्या. "मी जुळवला होता तो. तुला आठवा लागला तेव्हापासून." आणि पुन्हा बटाटे सोलायला लागल्या. मला ते बघवेना.

ऑर्लानं दार उघडलं ते हसतच. "वल्लरी! ऐकलंस? चहा घेतेस?"

चोर तो चोर, वर शिरजोर! "चहा गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "लाज नाही वाटत? आमच्या घरी येऊन जेवलीस, पुरणपोळी दोनदा मागून घेतलीस, आणि आईंचं गाणं उचललंस? त्यात ऱ्हाइन आहे, ऱ्हाइन! आमच्या पुण्यात कुठली आली ऱ्हाइन? ते पारंपरिक कसं असेल? एवढीही अक्कल नाही?" मी बरंच बोलले. इंग्रजी संपलं तेव्हा मराठीत बोलले. समोरचा म्हातारा दार किलकिलं करून बघायला लागला, त्यालाही झापलं.

ऑर्लाचा चेहरा पांढरा पडला. तिनं फोन काढला, मार्च महिन्यातले मेसेज शोधले आणि माझ्यासमोर धरला.

तिनं लिहिलं होतं, 'त्या पाळण्यात मला ऱ्हाइन ऐकू आली. नक्की जुनंच गाणं आहे ना? कुणी लिहिलंय? अल्बममध्ये घेऊ का? आईंना विचारशील?'

खाली माझं उत्तर. दोन मिनिटांत दिलेलं. 'अगं ट्रॅडिशनल आहे, सगळ्या बायका म्हणतात. घे बिनधास्त!' पुढे तीन हसरे चेहरे.

तेव्हा आई कुठे होत्या? माझ्या पाठीमागे, ऊर्जाला मांडीवर घेऊन. मान वळवून विचारायचं होतं फक्त. बारशाला मी पाहुण्यांना पार्किंग कुठे मिळेल ते फोनवर सांगत होते. माझ्याच लेकीचं नाव असलेला पाळणा मी धड ऐकलाही नव्हता. मेले गं बाई. एवढा संताप आता न्यायचा कुठे?

"दुरुस्त करता येईल," ऑर्ला म्हणाली. "आजच कळवते. मला त्यांचं पूर्ण नाव हवं."

लॅपटॉप घेऊन ती माझ्याबरोबर वर आली. मी मेसेजचं सगळं सांगून टाकलं. "आई, चूक माझी आहे. तुमच्या लेकानं, मयुरेशनंही, तुम्ही असं काही लिहिता हे कधी सांगितलं नव्हतं मला."

"त्याला तरी कुठे ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "त्याचा पाळणाही मीच लिहिला होता."

"आणखी किती लिहिलेत?"

"बावीस. नणंदांच्या, जावांच्या, शेजारणींच्या पोरांचे." त्यांनी सुरी खाली ठेवली. आवाज चढला त्यांचा. सहा वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. "बावीस बारशी झाली, वल्लरी. बाळाचं नाव काय, ते प्रत्येकानं विचारलं."

ऑर्लाला मराठी कळत नाही. ती बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली होती. आईंनी ओले हात पदराला पुसले, तिच्याकडे वळल्या आणि एकेक अक्षर सावकाश सांगायला लागल्या.